सप्टेंबरपासून घरात मासा नाही

स्कलर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
९ फेब्रुवारी

चि. टोनियाला आजीचा आशीर्वाद, आणि सोबत एक आठवण: तुझी एक मांजर आहे. करडी, चार पायांची, शेपटी एक. “दोन आठवडे सांभाळ गं आजी,” असं म्हणून तू ती माझ्या दारात ठेवलीस, त्याला चौदा महिने झाले. तिकडे अल्बर्टात तेलाच्या कामावर दोन आठवडे बहुतेक असेच मोजत असतील. तुझं नाव टोनिया आहे, हेही लिहून ठेवते. न जाणो.

इकडे सर्व ठीक. बर्फ खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आलाय, वाऱ्यामुळे तीन दिवस फेरीबोट नाही, माझे गुडघे होते तसेच आहेत. पत्र नेहमीसारखं शेजारचा लेव्हीकाका लिहितोय. मी बोलते, तो लिहितो आणि मध्ये मध्ये तोंड वाकडं करतो. फोन का नाही केला विचारशील, तर तुझा फोन कॅम्पवर लागत नाही, आणि लागला की तू मध्येच बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर तुझ्या त्या प्रिन्सेसला हगवण लागली आहे. लेव्ही म्हणतो, ‘पोट बिघडलं’ लिहू. हा माणूस रविवारी चर्चमध्ये उभा राहून बायबल वाचतो, त्यामुळे काही शब्द त्याच्या पेनातून उतरतच नाहीत. मी म्हटलं, लेव्ही, पोट बिघडतं ते पाद्रीसाहेबांचं. हिला हगवण लागली आहे, तसंच लिही. लिहिलंय म्हणतो. तू मोठ्याने वाचून बघ.

तीन आठवडे झाले. आणि ही राजकन्या तिच्या डब्यात जात नाही. तू पाठवत होतीस ती वासाची वाळू जानेवारीत संपली. दुकानातून वाळू विकत आणायची, तीही अत्तर लावलेली, हे मी माझ्या आईला सांगितलं असतं तर तिने मला डॉक्टरकडे नेलं असतं. मी लेव्हीकडून लाकडाचा भुसा आणला, डब्यात भरला आणि डबा बाहेरच्या पडवीत ठेवला. तिने त्या भुशाकडे असं बघितलं, जसं तुझी व्हर्ना आत्या माझ्या पडद्यांकडे बघते. आणि सरळ आत येऊन तुझ्या आजोबांच्या रबरी बुटात बसली. एस्राला जाऊन सहा वर्षं झाली, बूट मी कुणाला दिले नव्हते. आता देताही येणार नाहीत.

बुटानंतर दाराजवळचं पायपुसणं. पायपुसण्यानंतर स्वयंपाकघरातला दिवाण. मी धुते, वाळत घालते, गोधडी बाहेर दोरीवर फळीसारखी कडक होते, आत आणते, आणि ती तिथेच उभी असते, जणू धुतलेल्या गोधडीची वाट बघत.

वर खाणं विचारू नको. त्या कोरड्या गोळ्या तिला नकोत. संध्याकाळी मी चुलीवर चार कॅपलिन भाजते, जूनमध्ये तू लाटेतून टोपलीने उपसायचीस ते बोटभर लांबीचे, तर ही समोर एस्राच्या खुर्चीत बसलेली. डोकी मला आता दातांमुळे चावत नाहीत, ती तिची. खाते आणि मग दिवाणावर जाते. कृतज्ञता म्हणतात ती हीच असावी.

मला मांजर नको होती, तेव्हाही सांगितलं होतं. कॅम्पवरून सुट्टी मिळाली की ये आणि तुझं जनावर घेऊन जा.

आजीची खूण: X


२७ फेब्रुवारी

चि. टोनिया,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर हरीण आहे आणि आत, लेव्ही सांगतो, सात शब्द. सातही छान आहेत. मांजरीबद्दल त्यात एकही नाही.

मी शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. म्हणजे आकडे लेव्हीने दाबले, बोलले मी. डॉक्टर कुठला तरी बाहेरचा पोरगा आहे. म्हातारी आहे कळल्यावर ओरडून बोलायला लागला. मी म्हटलं, मी म्हातारी आहे, समुद्रापलीकडे नाही. मग जरा माणसात आला.

दिवसातून किती वेळा, विचारलं. सांगितलं. रक्त पडतं का? नाही. पाणी पिते का? घोड्यासारखं. दूध देता का? डब्याचं देत होते चहातलं, खोटं कशाला बोलू. बंद करा म्हणाला. बंद केलं. आता मी चहा प्यायला बसले की ती माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला आल्यासारखी समोर बसते. मग विचारलं, मासे देता का? मी म्हटलं, डॉक्टर, सप्टेंबरपासून या घरात मासा आलेला नाही. उत्तम, म्हणाला.

मग त्याने शहाणपण सांगितलं. भुसा काढा, साधी मातीची वाळू घाला, बिनवासाची. रोज उपसा. डबा थंडीत ठेवू नका, घरात कोपऱ्यात ठेवा. आणि एक नाही, दोन डबे ठेवा. एका मांजरीला दोन. आम्ही अकरा भावंडं, परसात एक संडास, त्यालाही दार नव्हतं, आणि आम्ही कुणीही आजोबांच्या बुटात बसलो नाही. पण केलं. दुकानातून पोतं आणलं, दोन डबे ठेवले. एक चुलीच्या मागे, एक जिन्याखाली. आलेल्या माणसाला वाटावं, इथे मांजरींचं वसतिगृह आहे.

आणि उकडलेली कोंबडी द्या म्हणाला, मीठ न घालता. माझ्या घरात माझ्यासाठी कोंबडी शेवटची शिजली नाताळात. शिजवली, हाडं काढली, बशीत दिली. राणीसरकारांनी हुंगली, मला एकदा नीट बघितलं, आणि माझ्या ताटातली कॅपलिनची डोकी खायला आल्या.

एवढं करून काही फरक नाही. उलट हाडं लागायला लागली आहेत. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसत नाही, तंबूसारखी उभी राहते. डॉक्टरने हेच विचारलं होतं. तसं दिसलं तर थांबू नका, घेऊन या, म्हणाला. फेरीचे दोन तास, पुढे दीड तास गाडी, आणि वारा थांबेल तेव्हा. मी त्याला म्हटलं, मांजर मरायला टेकली आहे हे मी वाऱ्याला कळवते.

असो. मला काय. मांजर तुझी.

व्हर्ना आली होती. गेली. हवा चांगली होती.

बाकी सर्व ठीक.

(टोनिया, इथून हे मी, लेव्ही, लिहितोय. तिला वाचता येत नाही याचा फायदा घेतोय, देव मला माफ करो. ती सहीसाठी पेन मागते आहे. मी तिला सांगितलं, पेन थंडीने अडलंय, चालतंय का बघतोय.

नाताळात तुझी आत्या म्हणून गेली होती की मांजर पायात येऊन आई पडेल, कमरेचं हाड मोडेल. पुढच्या वेळी मांजर दिसली तर तिचा नवरा क्लॅरेन्स मांजरीला घेऊन जाईल. म्हणून गुरुवारी ती येणार कळल्यावर आजीने मांजर टोपलीत घालून माझ्या शेडमध्ये पाठवली. पण दिवाणाची गोधडी बदलायची राहिली. व्हर्नाने ती उचलली. वास आणि डाग. तिने विचारलं, “आई, हे काय आहे?”

मी तिथेच होतो. तुझ्या आजीने गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “माझंच आहे ते. वय झालं.”

व्हर्ना रडली गं. वाईट बाई नाही ती. आता तिने शहरातल्या वृद्धाश्रमासाठी अर्ज केलाय. नर्स तपासायला १८ मार्चला येणार आहे, ती लिहील तसं होईल. तिथे मांजर चालत नाही, आणि तिथून कुणी या खाडीत परत आल्याचं मला आठवत नाही. आजीने मला शपथ घातली आहे की कुणाशी बोलायचं नाही. बोलायचं नाही, एवढंच. लिहिण्याबद्दल ती काही म्हणाली नव्हती.

पेन चालायला लागलं.)

आजीची खूण: X


२२ मार्च

टोनिया,

तू फोन केलास आणि बराच वेळ रडलीस. मी ऐकत होते. मध्ये बोलले नाही, लक्षात ठेव.

चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, वाचायला शिकायला हवं होतं. बायबलसाठी नाही, लेव्हीला पकडण्यासाठी. हे पत्रही तोच लिहितोय, कारण या खाडीत दुसरं कुणी माझं ऐकून घेत नाही. पण आता प्रत्येक ओळ लिहून झाली की परत वाचून दाखवायची. दर चौथी ओळ दोनदा, कारण खोट्या माणसाला दुसऱ्यांदा तेच वाचता येत नाही. आतापर्यंत जमलंय त्याला. मान खाली घालून लिहितोय. हेही लिही, लेव्ही.

होय, मी तसं म्हणाले. एक छोटं वाक्य होतं, तोंडातून निघून गेलं. तुझा तो क्लॅरेन्सकाका एकदा हातात पोतं घेऊन धक्क्यावर जाताना मी बघितला आहे, आणि परत आला तेव्हा पोतं नव्हतं. म्हणून म्हणाले. यात रडण्यासारखं काय आहे मला कळत नाही. तुम्हाला रडायला भलत्या गोष्टी सापडतात.

आता १८ तारखेचं ऐक.

नर्स आली. नाव वेरोनिक, क्विबेककडची, मूळची फ्रेंच बोलणारी. बाई तशी बरी. मला ‘मॅडम’ म्हणते. मी मांजर कोठीघरात कोंडली होती, लेव्हीला कोपऱ्यात बसवला होता, गोधडी नवी होती. नर्स दिवाणावर बसली, कोट काढून शेजारी ठेवला, मांडीवर कागद घेतला आणि विचारायला लागली. आज वार कुठला? सांगितलं. घरात पायऱ्या किती? म्हटलं, तुम्ही आता चढून आलात, तुम्ही नाही मोजल्या? मग तीन शब्द दिले लक्षात ठेवायला, सफरचंद, टेबल आणि नाणं. मी म्हटलं, बाई, ते तुम्ही ठेवा लक्षात, कागद तुमच्याकडे आहे. लेव्ही खोकला. तो चर्चमध्येही असाच खोकतो, पाद्री चुकला की.

मग तिने आवाज खाली आणला, तेव्हा मला कळलं की आता खरं विचारणार. व्हर्नाने तिला सगळं सांगितलेलं होतं. “मॅडम, अंथरूण खराब होतं का? लाजू नका.”

टोनिया, मी तुला काय सांगू. हो म्हटलं तर घर गेलं. नाही म्हटलं तर व्हर्नाशी खोटं बोलले हे उघड, आणि मग मांजर गेली. हातात कप होता. मी चहा प्यायले. कपात चहा नव्हता.

तेवढ्यात कोठीघराची कडी सरकली. ती सरकतेच, एस्रा दर वर्षी म्हणायचा दुरुस्त करतो. तुझी मांजर बाहेर आली, सगळ्यांना एकदा बघून घेतलं, दिवाणावर चढली आणि नर्सच्या कोटावर बसून, तिच्या डोळ्यांसमोर, सगळं दाखवलं.

नर्सने कोटाकडे बघितलं, मांजरीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मग विचारलं, “मॅडम, ते अंथरूण... ते हिचं होतं का?”

मी म्हटलं, हिचंच. दुसरं कुणाचं असणार? मला काय वेड लागलंय?

या घरात आल्यापासून ते जनावर पहिल्यांदा उपयोगी पडलं.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि पुढचं मला सांगायचं नाहीये. लेव्ही म्हणतो, सांग. त्याला आता बोलायची हिंमत आली आहे.

नर्स कोट धुवायला गेली. मी म्हटलं, बाईचा कोट गेला, निदान तिच्या पोटात काही तरी घालावं. चहा टाकला, चुलीवर कॅपलिन भाजले, बशीत मांडले. मांजर टेबलावर चढली आणि एक ओढून घेतला. नर्स म्हणाली, “हिला मासे आवडतात वाटतं.” मी म्हटलं, ही मासा खात नाही. ती म्हणाली, आत्ता खाते आहे. मी म्हटलं, तो मासा नाही, कॅपलिन आहे.

बाई थांबली. बशीतला एक शेपटीला धरून वर उचलला आणि हळू, एकेक शब्द वेगळा करून विचारलं, “मॅडम, नीट बघा. हा मासा आहे का?”

नाही, मी म्हटलं.

तिला वाटलं, तिचं इंग्रजी चुकतंय. फोन काढून त्यात कसलं तरी चित्र दाखवलं. हेरिंगचं होतं. हा मासा? मी म्हटलं, नाही, हेरिंग. तेव्हा तिने कोट टाकला आणि कागद उचलला. तिचं पेन कागदावर टेकलेलं मी बघितलं. वार बरोबर सांगितला, तेही वाया. म्हातारीला हातातला मासा ओळखता येत नाही, हेच ती लिहिणार होती.

कोपऱ्यातून लेव्ही बोलला. असा बोलला जसं कुणी त्याच्या आईला नावं ठेवली असावीत. “बाई, मासा म्हणजे कॉड. बाकीच्यांना आपापली नावं आहेत.”

“आणि सामन? तो तरी मासा?” नर्सने विचारलं.

“सामन,” आम्ही दोघांनी सांगितलं.

ती हसायला लागली. मोठ्याने, डोळे पुसत. क्विबेकला घरी सांगणार म्हणाली. लेव्हीही हसला. मी एकटीच हसले नाही, कारण मी फोनवर डॉक्टरला काय बोलले होते ते मला तेव्हा ऐकू आलं.

सप्टेंबरपासून या घरात मासा आलेला नाही.

रोज चार कॅपलिन, टोनिया. तुझ्या आजीच्या हातचे, जूनमध्ये खारवलेले, वर मिठाचा थर. डोकी तिला, आणि खरं सांगायचं तर डोकीच नाही, जानेवारीपासून दोन आख्खे तिला. एकटीने जेवण जात नव्हतं. ती समोर बसायची, हात पुढे केला की खायची, म्हणून मीही खायचे. पाणी घोड्यासारखं पिते, हे मीच सांगितलं त्या पोराला. मिठाने पीत होती. मी तिला रोज हाताने भरवून आजारी पाडलं, आणि वर तुला, डॉक्टरला, भुशाला आणि तिला शिव्या दिल्या. झालं. सांगितलं. लेव्ही, हे परत वाचायची गरज नाही.

नर्सने तिथूनच डॉक्टरला फोन लावला आणि त्याला मासा म्हणजे काय ते समजावलं. त्याने रोज किती, ते विचारून घेतलं. मग म्हणाला, खारवलेलं सगळं बंद, पाणी भरपूर, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर बोट असो वा नसो, आणायचीच. उतार पडला. काल सकाळी चुलीमागच्या डब्यात, वाळूत, जसं हवं तसं, घट्ट, वर वाळू ओढून झाकलेलं. मी लेव्हीला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मी नुकताच जेवलोय. कातडी आता सोडल्या सोडल्या बसते. मी दिवसातून चारपाच वेळा बघते. तिला त्याचा वैताग येतो, येऊ दे.

कागदावर नर्सने लिहिलं, स्वतःच्या घरी राहू शकतात. लेव्हीने वाचून दाखवलं. लेव्हीवर माझा भरवसा नाही, म्हणून पोस्टातल्या बाईकडूनही वाचून घेतलं. तिनेही तेच वाचलं.

व्हर्नाला मी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “आई, एका मांजरीसाठी?”

मी म्हटलं, लाइन खराब आहे. पण ठेवला नाही फोन. तिनेही नाही ठेवला. शेवटी म्हणाली, क्लॅरेन्सला मी सांगते, मांजर राहू दे. पडदे मात्र बदल, म्हणाली.

आता तुझं. ईस्टरला येऊन मांजरीला आणि मला, दोघींना, अल्बर्टात घेऊन जाईन म्हणालीस. मला तिकडे नेऊन काय करशील? तिथे समुद्र नाही. तुझ्या खोलीत एक खिडकी आहे आणि तीही पार्किंगकडे उघडते, तूच सांगितलंस. ये, जरूर ये. खोलीत गादी घालून ठेवते, आठ दिवस राहा. जाताना मात्र एकटी जा.

मांजर माझी आहे. हे लेव्हीने दोनदा वाचून दाखवलं, दोन्ही वेळा बरोबर.

तुझी आजी, ट्रायफिना, स्वतःच्या घरातून.
खूण: X

ता. क. तिच्यासाठी डब्यातलं खाणं पाठव, टर्कीचं. कोंबडी ती हुंगून सोडते. डबे लहान हवेत, मोठ्यातलं उरतं आणि सुकतं. त्यावर काय लिहिलंय ते मला कळणार नाही, तेव्हा टर्कीचं चित्र असलेलेच घे. आणि महिन्याचे नको, वर्षभराचे पाठव. इतके लागणार नाहीत असं व्हर्नाला वाटेल. लागतील.